पाच गुंठ्यांतली घरची ज्वारी: पेरणीपासून भाकरीपर्यंत

घरचं धान्य पिकवायचं ठरवलं की बहुतेकांच्या मनात आधी गहू येतो. गहू पाच-सहा पाणी मागतो, थंडी मागतो, आणि विहिरीला पाणी नसेल तर तो विषय तिथेच संपतो. सोलापूर, धाराशिव, बीड, नगर, सांगलीचा पूर्व भाग, पुणे जिल्ह्याचा कोरडा पट्टा, इथे ज्याच्याकडे काळी किंवा मध्यम काळी थोडी जमीन आहे त्याने रब्बीची ज्वारी म्हणजे शाळू करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. पाऊस संपल्यावर पेरायचा आणि जमिनीतल्या ओलीवर काढायचा. खर्च कमी, फवारण्या जवळपास नाहीत, आणि कडबा वर मिळतो.

पण एक गोष्ट आधीच सांगतो. शाळू उगवून आणणं हे या कामातलं सोपं अंग आहे. खरी दमछाक दाणा चिकात आल्यावर, म्हणजे त्यात दूध भरल्यावर, सुरू होते: राखण, काढणी, मळणी, वारं देणं, वाळवणं, किडीपासून जपणं. हौशीने शेती करणाऱ्यांचं गणित बहुतेक इथेच चुकतं. त्यामुळे किती गुंठे पेरायचे हे जमीन किती आहे त्यावर ठरवू नका. घरात किती हात आहेत आणि फेब्रुवारीत किती दिवस मोकळे आहेत, त्यावर ठरवा.

किती पेरायचं

मध्यम आकाराच्या एका भाकरीला साधारण ६० ते ७० ग्रॅम पीठ लागतं. चौघांच्या घरात दिवसाला आठ भाकरी होत असतील तर रोज अर्धा किलो, महिन्याला १५ किलो आणि वर्षाला १८० किलो ज्वारी झाली. कोरडवाहू मध्यम जमिनीत नीट निगा राखली तर गुंठ्याला १५ किलोच्या आसपास दाणा धरायला हरकत नाही. पाऊस दगा देऊन गेला तर आठ-दहा, भारी जमीन आणि एखाददुसरं पाणी मिळालं तर वीसच्या पुढे. म्हणजे पाच गुंठ्यांत ७०-८० किलो, चौघांच्या घराची पाचेक महिन्यांची भाकरी. हातानं मळायला एवढंच पुरे. दहा गुंठ्यांच्या पुढे गेलात तर मळणी यंत्राशिवाय भागत नाही.

गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. पाच गुंठे म्हणजे २० मीटर बाय २५ मीटरचा तुकडा. तो शक्यतो चौकोनी घ्या. लांबट पट्टी घेतली तर कडा वाढतात, आणि पाखरं कडेनेच आत शिरतात.

पावसाळ्यात करायचं काम

शाळूची पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते, पण तयारी जूनपासून. हे पीक पावसावर येत नाही, मुरलेल्या पाण्यावर येतं. म्हणून पावसाळाभर पडलेला प्रत्येक थेंब त्या तुकड्यात अडवायचा. उन्हाळ्यात एक नांगरट, मग कुळवाच्या पाळ्या, आणि जुलैच्या सुरुवातीला सुमारे १० मीटर बाजूचे चौकोनी वाफे बांधून टाकायचे. पाच गुंठ्यांत असे पाचच वाफे होतात, फावड्यानं एका सकाळचं काम. पेरणीच्या आधी वरंबे मोडून जमीन सारखी करायची.

तण उगवलं की कुळवून काढत राहा. रिकाम्या रानातलं तण दिसायला निरुपद्रवी असतं, पण शाळूच्या वाट्याची ओल तेच पिऊन टाकतं.

जूनमध्ये मूग किंवा उडीद घ्यावा का? भारी, खोल जमीन असेल तर जरूर घ्या. मूग ६५-७० दिवसांत निघतो, वरणाची सोय होते आणि शाळूला रान तयार मिळतं. हात-दीड हात खाली मुरूम लागणाऱ्या जमिनीत मात्र हा मोह टाळलेला बरा.

शेणखत चांगलं कुजलेलं, गुंठ्याला ५० किलो. रासायनिक खत द्यायचं असेल तर कोरडवाहू मध्यम जमिनीसाठी हेक्टरी ४० किलो नत्र आणि २० किलो स्फुरद ही शिफारस धरा. गुंठ्याच्या हिशेबात ती साधारण ८७० ग्रॅम युरिया आणि सव्वा किलो सिंगल सुपर फॉस्फेट होते. कोरडवाहूत हे सगळं पेरतानाच बियाच्या खाली द्यायचं. नंतर वरून फेकलेला युरिया कोरड्या मातीवर पडून राहतो, त्याचा पिकाला उपयोग नाही.

वाण

मालदांडी ३५-१ हे नाव सगळ्यांना माहीत असतं. मोहोळच्या संशोधन केंद्रात १९३० च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवडलेला हा वाण अजून टिकून आहे, तो दाण्याच्या चवीमुळे आणि कडब्यामुळे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. घरच्या भाकरीसाठी मालदांडी घेतली तर चुकणार नाही.

तरीही जमिनीची खोली पाहून वाण निवडणं जास्त शहाणपणाचं. पहार मारून बघा. एक फुटावर मुरूम लागला तर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे फुले अनुराधा किंवा फुले माऊली बरे, ते लवकर आटोपतात. दोन फुटांपर्यंत माती असेल तर फुले सुचित्रा, मालदांडी किंवा परभणी मोती. त्याहून खोल काळी असेल तर फुले वसुधा, फुले यशोदा. दोन-तीन पाणी देता येणार असतील तर फुले रेवती. हे सगळे सरळ वाण आहेत, म्हणजे बी घरचं राखता येतं.

कडेच्या दोन ओळी हुरड्याच्या लावायची कल्पना चांगली आहे. गूळभेंडी मिळाली तर ती, नाहीतर फुले उत्तरा किंवा फुले मधुर. मात्र या ओळी घराच्या किंवा वाटेच्या बाजूला लावा. हुरड्याच्या वाणावर पाखरं आधी तुटून पडतात. येता-जाता माणसांचा वावर असेल तेवढंच त्यातलं शिल्लक राहतं.

पेरणी

१५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हा पेरणीचा काळ. जुन्या हिशेबात उत्तरा आणि हस्त नक्षत्र. हलकी जमीन आधी, भारी जमीन नंतर. त्याहून लवकर पेरलं तर खोडमाशी, उशीर केला तर ओल आटते. त्यातही एक गोष्ट सगळ्यांच्या वर: शेजारी पेरतील तेव्हाच पेरा. आजूबाजूच्या शंभर एकरांत तुमचे पाच गुंठे दहा दिवस आधी चिकात आले तर पंचक्रोशीतली पाखरं तुमची पाहुणी होतील.

बियाणं हेक्टरी १० किलो, म्हणजे गुंठ्याला १०० ग्रॅम. हातानं टोकणार असाल तर पाच गुंठ्यांना ६०० ग्रॅम घ्या. काणी रोगासाठी (त्यात दाण्याच्या जागी काळी भुकटी होते) किलोला ४ ग्रॅम या प्रमाणात ३०० मेशचं गंधक चोळा. सहाशे ग्रॅमला अडीच ग्रॅम, म्हणजे चिमूटभरच. डब्यात बी आणि गंधक घालून झाकण लावून हलवलं की प्रत्येक दाण्याला पिवळसर भुकटी बसते. ॲझोटोबॅक्टर लावायचं असेल तर ते गंधकानंतर, पेरायच्या आधी, सावलीत.

दोन ओळींत ४५ सेंटीमीटर, दोन ताटांत १५ सेंटीमीटर. शेजाऱ्याची पाभर (बैलांनी ओढायचं पेरणीचं अवजार) किंवा ट्रॅक्टरचं पेरणी यंत्र मिळालं तर अर्ध्या तासात विषय संपतो. न मिळाल्यास दोरी लावून कुदळीनं काकऱ्या पाडायच्या. पाच गुंठ्यांत ओळींची एकूण लांबी अकराशे मीटर भरते, दोघांना अर्धा दिवस पुरतो. एकेका जागी दोन-तीन दाणे, खोली दोन इंच, म्हणजे बी ओलीला टेकलं पाहिजे. माती ओढून पायानं हलकं दाबायचं. वरची माती कोरडी पडली असेल तर ती बाजूला सारून ओल गाठा. वरून पाणी शिंपडून उगवण करायच्या भानगडीत पडू नका. तसं उगवलेलं रोप मुळं वरच ठेवतं आणि डिसेंबरात माना टाकतं.

उगवल्यापासून पोटरीपर्यंत

पहिला महिना खोडमाशीचा. पोंगा, म्हणजे रोपाच्या मधली गुंडाळलेली कोवळी पानं, सुकलेला दिसतो, ओढला की सहज हातात येतो आणि त्याला कुजका वास येतो. याला पोंगेमर म्हणतात. म्हणूनच सुरुवातीला दाट टोकायचं आणि विरळणी दोनदा करायची: दहा-बारा दिवसांनी पहिली, तिसऱ्या आठवड्यात दुसरी. दुसऱ्या विरळणीत पोंगेमर झालेली रोपं आधी उपटायची आणि रानाबाहेर नेऊन पुरायची. एवढ्या लहान क्षेत्रात हा उपाय औषधाइतकाच लागू पडतो.

अलीकडे ज्वारीवर मक्यावरची लष्करी अळीही येते. पोंग्यातल्या पानांवर ओळीनं भोकं आणि भुश्यासारखी ओली विष्ठा दिसली की समजायचं. सकाळी पोंगा उघडून अळी वेचायची आणि चिरडायची. फार झाल्यास ५ टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी पोंग्यात पडेल असा फवारायचा.

आता कोळपणी, म्हणजे दोन ओळींमधली माती कोळप्यानं हलवणं. तीन आठवड्यांनी पहिली, ती तणासाठी. पाच आठवड्यांनी दुसरी, ती माती मोकळी व्हावी म्हणून. आठव्या आठवड्याला तिसरी, आणि तीच लोक टाळतात, कारण तोपर्यंत तण उरलेलं नसतं. पण काळी जमीन तेव्हा भेगाळायला लागते. त्या भेगांतून खालची ओल उडून जाते, मुळंही तुटतात. दातेरी कोळप्यानं भेगा मातीनं बुजवल्या की ओल टिकते. पाच गुंठ्यांना सायकल कोळपं पुरेसं आहे. ते दर दोन-तीन पावलांना मागे घेऊन पुढे ढकलायचं, एकदम रेटलं की ताटं कापली जातात.

पाणी देणं शक्य असेल तर पीक पोटरीत असताना, म्हणजे कणीस अजून पानाच्या आत असताना, ५० ते ५५ दिवसांनी, एक पाणी द्या. दुसरं देता आलं तर दाणे भरताना. पण भेगा पडलेल्या रानात पाणी सोडू नका, ते भेगांतून खालीच जातं. आधी कोळपा, मग भिजवा. दाणे भरताना ओल फारच आटली तर खडखड्या येतो. ताट आतून पोकळ होतं, बुंध्याशी मोडून लोळतं, आणि चिरून पाहिलं तर आत काळी भुकटी निघते. त्याला औषध नाही. ओल राखणं हाच उपाय, आणि तो डिसेंबरच्या आधीच केलेला असावा लागतो.

जनावरं असतील त्यांच्यासाठी एक इशारा: कोवळी, विशेषतः पाण्याचा ताण बसून खुरटलेली ज्वारी हिरवी खाऊ घालू नका. तिच्यातल्या सायनाइडनं जनावर तासाभरातही दगावू शकतं. काढणीनंतर बुडख्यातून फुटणारे फुटवेही तसेच. नीट वाळलेल्या कडब्याला ही भीती नाही.

राखण

मार्गशीर्ष अमावास्येला लातूर-धाराशिवकडे येळवस होते. शेतात कडब्याची कोप करून पूजा, आंबील, भज्जी, उंडे. त्या सुमाराला शाळू फुलोऱ्यात असतो किंवा नुकताच दाणा धरत असतो. तिथून पुढचा महिनाभर रान एकटं सोडायचं नाही.

चिमण्या आणि पोपट नेहमीचे. भोरड्यांची गोष्ट वेगळी. हिवाळ्यात त्या हजारोंच्या थव्यानं येतात, रानावर काळी चादर पडल्यासारख्या उतरतात, आणि छोटा तुकडा असेल तर एका सकाळीत कणसांची बुरकुली करून जातात. मोठ्या शेतकऱ्याचं नुकसान वाटून जातं, तुमचं नाही.

चमकणाऱ्या फिती पहिले चार दिवस चालतात, मग पाखरं त्यांच्यावर बसतात. बुजगावण्याची तीच कथा, निदान त्याची जागा रोज बदला. मासे धरायचं जाळं टाकू नका, त्यात पाखरं अडकून मरतात आणि दाणेही वाचत नाहीत. पाच गुंठ्यांना पाखरांसाठीचं जाळं बांबूवर ताणून बसवता येतं, पण ते कणसांपासून हातभर वर राहिलं पाहिजे. टेकलं तर पाखरू जाळ्यावर बसून खालचा दाणा टिपतं. सगळ्यात खात्रीचं म्हणजे माणूस. उजाडल्यापासून दहापर्यंत आणि चारपासून अंधार पडेपर्यंत. भरदुपारी पाखरं झाडात बसलेली असतात. पूर्वी यासाठी माळा आणि गोफण असायची, आता पत्र्याचा डबा आणि काठीही चालते. घरात कोणी मोकळं नसेल तर शेजाऱ्याबरोबर पाळी लावा. त्याच्या राखणीच्या बदल्यात कडबा द्या, हा व्यवहार दोघांनाही परवडतो.

दाणा चिकातून पुढे सरकून बोटानं दाबला जाईल पण दूध निघणार नाही, तेव्हा हुरडा. साधारण नव्वद ते शंभर दिवस. शेणी पेटवून आगटी करायची, आर पडला की कणसं त्यात भाजायची आणि गरम असतानाच हातावर चोळायची. लसणाची चटणी, गूळ, दही. पाहुणे बोलवा, पण कणसं हुरड्याच्या ओळीतलीच काढा. एकदा लोक मधल्या रानात शिरले की मळायला फार काही उरत नाही.

काढणी

मालदांडी सव्वाशे दिवसांच्या आसपास तयार होते. दिवस मोजण्यापेक्षा दाणा पाहा. कणसाच्या खालच्या भागातला दाणा काढून त्याचं देठाकडचं टोक बघा. तिथे काळा ठिपका दिसला की दाण्यात भर पडणं थांबलं. खालचा भाग मुद्दाम बघायचा, कारण कणीस वरून खाली पिकत येतं. मग दाताखाली धरा. कट्‌कन आवाज करून फुटला तर काढायला हरकत नाही, चपटा झाला तर चार-सहा दिवस थांबा. ढगाळ हवा आणि अवकाळीची बातमी असेल तर मात्र थांबू नका. भिजलेला दाणा काळा पडतो, त्याची भाकरी कडवट लागते.

सोलापूरकडे ताट मुळासकट उपटून काढतात. भेगाळलेल्या काळ्या रानात ते जमतं आणि कडब्याची लांबीही वाया जात नाही. सवय नसेल तर तळहाताला फोड येतात, तेव्हा सरळ विळ्यानं जमिनीलगत कापा. काम पहाटे ते नऊ या वेळात करा. दवानं पानं मऊ असतात, अंग कापलं जात नाही. ताटं ओळीनं आडवी पाडून चार-पाच दिवस वाळू द्या, मग विळ्यानं कणसं खुडून घ्या आणि ताटांच्या पेंढ्या बांधा. पाच गुंठ्यांतून अडीच-तीन क्विंटल कडबा सहज निघतो. गाय नसेल तर तो शेजारच्या गोठ्यात द्या आणि पुढच्या वर्षाचं शेणखत तिथूनच घ्या.

मात्र ताटं कापण्याआधी थांबून एक गोष्ट करायची आहे, तिच्याबद्दल शेवटी बियाण्यात सांगतो.

मळणी आणि वारं

खुडलेली कणसं ताडपत्रीवर आठ दिवस कडक उन्हात. रोज एकदा पालटायची, संध्याकाळी झाकायची. मळायला तयार झालेलं कणीस मुठीत धरून चुरगाळलं की दाणे नुसते ओघळतात. दाण्याला बोंडाची टरफलं चिकटून येत असतील तर अजून दोन ऊन द्या. मळणीचा त्रास वाळवण्यातच ठरतो. ओलसर कणसं बडवणाऱ्याचे हात दिवसभर दुखतात, वाळलेली कणसं दोन तासांत मोकळी होतात.

साठ-ऐंशी किलोसाठी गोणपाटाची पद्धत सोपी. पोत्यात एक तृतीयांश कणसं भरायची, तोंड बांधायचं आणि काठीनं सगळ्या बाजूंनी बडवायचं. पोत्यामुळे दाणे उडत नाहीत आणि कूसही उडत नाही. ज्वारीची कूस म्हणजे अंगाला सुटणारी भयंकर खाज. पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्याला फडकं, नाकाला रुमाल, हे सगळं आधीच बांधून बसा. काम झाल्यावर कपडे बाहेरच झटका. लोखंडी जाळीवर कणीस घासूनही मळणी होते, पण त्यात दाणा फुटतो आणि फुटलेल्या दाण्याला आधी कीड लागते. डांबरी रस्त्यावर कणसं पसरून गाड्यांखाली मळून घ्यायची पद्धत दिसते ती करू नका. दाण्याबरोबर खडी आणि डांबराचे कण येतात, आणि दुचाकीवाला घसरतो तो वेगळाच.

बडवून झालं की मोठ्या भोकांच्या चाळणीतून बोंडकं वेगळी करा. खाली दाणा, भूस, पातेरा असं मिश्रण राहतं. त्याला वारं द्यायचं. संध्याकाळी एका दिशेनं वारा वाहायला लागला की ताडपत्री अंथरून स्टुलावर उभं राहा, सूप किंवा पाटी डोक्याच्या वर धरून हळूहळू ओता. दाणा सरळ खाली पडतो, भूस पुढे जाऊन पडतं. वारा पडला की थांबायचं, उगाच घाई करून चांगला दाणा भुसात घालवायचा नाही. वारं येतच नसेल तर टेबल फॅन लावा, पण तो जमिनीपासून दोन-तीन फूट उंच ठेवा. खाली ठेवला तर तो पडलेलं भूसच परत उडवतो.

वारं दिल्यावरही हलके, पोचट दाणे आणि खडे राहतात. आता सूप. पाखडल्यानं हलकं पुढे येतं, घोळल्यानं जड खडे मागे राहतात. सूप हातात घेऊन थोडं तिरकं धरायचं, गोल झुलवायचं, आणि खडे एका कोपऱ्यात गोळा होताना दिसले की वरचा दाणा दुसरीकडे सारायचा. हे वाचून येत नाही, गल्लीतल्या कुठल्याही साठीच्या बाईला एकदा विचारा. राशीच्या बुडाशी मातीमिश्रित दाणा उरतो, ते मातेरं. पाच गुंठ्यांत दोन-तीन किलो निघतं. कोंबड्यांना घाला, त्यासाठी डोळे फोडून घेऊ नका.

वाळवणं आणि साठवणं

साठवायच्या ज्वारीत ओलावा १२ टक्क्यांच्या खाली हवा. घरी मोजायचं साधन नसतं, तर असं करा: काचेच्या कोरड्या बाटलीत कोरडं मीठ चमचाभर आणि मूठभर ज्वारी घालून दोन-तीन मिनिटं हलवा. मीठ काचेला चिकटलं तर दाणा अजून ओला आहे. मीठ मोकळं राहिलं आणि दाताखाली दाणा टणक लागला तरी आणखी एक दिवस ऊन द्या, कारण ही परीक्षा ढोबळ आहे.

उन्हातून उचललेली ज्वारी लगेच कोठीत भरू नका. रात्रभर पसरून निवू द्या. गरम भरली तर आत घाम सुटतो, वरचा थर ओला होतो आणि बुरशी धरते.

पूर्वी कणग्या शेणानं सारवून घेत, तळाशी आणि वर कडुलिंबाचा पाला घालत. पाल्यानं फरक पडतो, पण थोडाच. कोरडेपणा आणि हवाबंद भांडं हीच खरी दोन शस्त्रं. झाकणाला रबराची कडी असलेला पिंप काठोकाठ भरा. अर्धवट भरलेल्या पिंपात हवा राहते आणि तेवढ्या हवेवर टोके (धान्यातले किडे) वाढतात. रोज लागणारी ज्वारी वेगळ्या डब्यात काढा, म्हणजे मोठा पिंप महिन्यातून एकदाच उघडला जाईल. बाजारात मिळणाऱ्या धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या राहत्या घरात अजिबात वापरू नका. त्यातून सुटणारा फॉस्फिन वायू झोपेत माणसं मारतो, अशा घटना वारंवार घडलेल्या आहेत.

जूनच्या आधी, वैशाखाच्या उन्हात, सगळी ज्वारी एकदा बाहेर काढून पुन्हा ऊन दाखवलं की पावसाळा निभावतो.

पीठ आणि भाकरी

ज्वारी दळायची ती पंधरा दिवसांपुरतीच. दाण्यातल्या अंकुरात तेल असतं. दाणा अखंड असेपर्यंत ते सुरक्षित राहतं, दळलं की हवेला लागतं आणि पीठ कडवट व्हायला लागतं. त्याच्याबरोबर पिठाची विरी जाते. विरी गेलेल्या पिठाची भाकरी थापताना कडेला चिरते, उचलली की तुटते. गिरणीत नेणार असाल तर आधीच्या गिऱ्हाइकाचं दळण ज्वारीचंच असेल तेव्हा टाका. घरात कोणाला गहू चालत नसेल तर घरघंटीच बरी, आणि तिला बारीक जाळी लावा. भरड पिठाची भाकरी फुगत नाही.

ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, तो गरम पाण्यानं आणावा लागतो. नव्या ज्वारीला कोमट पाणी पुरतं, पावसाळ्यातल्या पिठाला उकळतं. एका भाकरीपुरतंच पीठ परातीत घ्या, तळहाताच्या गादीनं रेटून मळा, गोळ्याला चीर राहता कामा नये. खाली पीठ टाकून बोटांनी थापत फिरवायची. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर येते, तिच्यावर लगेच पाण्याचा हात फिरवा, आणि ते पाणी सुकलं न सुकलं तोच उलथा. फार सुकू दिलं तर वर भेगा पडतात आणि पापुद्रा सुटत नाही. दुसरी बाजू नीट भाजली की निखाऱ्यावर किंवा आचेवर.

रोज भाकरी नको असेल तर कण्या करा. ज्वारीला थोडं पाणी लावून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, उखळात हलक्या हातानं कांडा, सुटलेला कोंडा पाखडून टाका, वाळवा आणि भरड काढा. ताकात शिजवलेल्या कण्या उन्हाळ्यात भाकरीपेक्षा बऱ्या लागतात.

बियाणं

वर ताटं कापण्याआधी थांबायला सांगितलं, ते याच्यासाठी. सगळी कणसं एकत्र मिसळण्याआधी, खरं तर ताटं उभी असतानाच, रानाच्या मध्यभागातली तीस-चाळीस चांगली ताटं हेरून त्यांना रंगीत दोरी बांधा. ज्वारी बरीचशी स्वतःच्याच परागावर बी धरते, पण थोडा संकर वाऱ्यानं होतो. कडेच्या ताटांत शेजाऱ्याच्या किंवा तुमच्याच हुरड्याच्या वाणाची मिसळ येऊ शकते. नुसतं मोठं कणीस पाहू नका. न लोळलेलं ताट, भरीव टपोरा दाणा, काणी नाही आणि चिकटा नाही, असं पाहा. दाण्याच्या जागी काळी भुकटीची पिशवी दिसली तर ती काणी. ते कणीस पिशवीत झाकून तोडा आणि जाळा, मळणीत गेलं तर सगळ्या बियाला लागतं.

ही कणसं वेगळी वाळवून वेगळी मळा, आणि किलोभर दाणा कागदावर वाण आणि साल लिहून बंद डब्यात ठेवा. ऑगस्टअखेर त्यातले शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटाच्या तुकड्यात गुंडाळा आणि पोतं ओलसर राखा. चार-पाच दिवसांनी उघडून मोजा. ऐंशीच्या वर कोंब आले तर नेहमीचं बियाणं पुरे, साठ-सत्तर आले तर तेवढ्या हिशेबानं जास्त टोका. पन्नासच्या खाली गेलं तर ते दळून खा आणि पेरणीसाठी विद्यापीठाच्या विक्री केंद्रातून ताजी पिशवी लगेच आणा, कारण सप्टेंबरात ती मिळेलच याची खात्री नसते.